ॲफिलिएट मार्केटिंगची परिभाषा: एका क्लिकच्या मागोमाग

हिशेबनीस (धागाकर्ता)

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं, "ईपीसी म्हणजे काय?", "कुकी ३० दिवसांची आहे म्हणजे नक्की काय?", "परवापर्यंत दिसत होतं ते कमिशन आज गायब, फसवलं का मला?" तेच ते तुकड्यातुकड्यांत लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी मर्चंटच्या बाजूला बसून ॲफिलिएट प्रोग्रॅम सांभाळतो. म्हणजे तुमची कमिशनं मंजूर-नामंजूर करणारा माणूस. माझा चष्मा कुठला ते आधीच सांगितलेलं बरं.

अक्षरांच्या क्रमाने यादी देत नाही. तसल्या याद्या पाठ होतात आणि पहिला रिपोर्ट समोर आला की त्यातलं काही उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा एक क्लिक धरू आणि तो पैशापर्यंत कसा पोचतो, वाटेत कुठे गळतो ते बघू. शब्द आपोआप भेटत जातील.

पात्रं चार. माल विकतो तो मर्चंट. काही ठिकाणी त्यालाच ॲडव्हर्टायझर म्हणतात. मालाबद्दल लिहून-बोलून गिऱ्हाईक पाठवतो तो ॲफिलिएट. याला रिपोर्टमध्ये बऱ्याचदा पब्लिशर म्हटलेलं असतं, तेव्हा डॅशबोर्डवर 'पब्लिशर आयडी' दिसला तर गोंधळू नका, तो तुमचाच. दोघांच्या मध्ये लिंक बनवणारं, मोजमाप ठेवणारं आणि पैसे वाटणारं नेटवर्क: सीजे, अविन, रकुटेन वगैरे. चौथं गिऱ्हाईक, ज्याला यातलं सहसा काही माहीत नसतं. काही मर्चंट नेटवर्कला मध्ये न घेता सगळं स्वतःच चालवतात, तो इन-हाउस प्रोग्रॅम. ॲमेझॉन असोसिएट्स हे त्याचं ठळक उदाहरण, जुलै १९९६ पासून चालू आहे. (अवांतर: ही कल्पनाच ॲमेझॉनची, असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. गाण्यांच्या सीडी विकणाऱ्या सीडीनाउने १९९४ मध्ये असा प्रोग्रॅम सुरू केला होता, आणि प्रॉडिजी या तेव्हाच्या ऑनलाइन सेवेवरच्या पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्सचा प्रयोग त्याच्याही आधीचा.)

आता लिंक. साधी लिंक आणि ॲफिलिएट लिंक यांत फरक फक्त शेपटीचा. ॲमेझॉनची लिंक उघडून बघा: पत्त्यात प्रश्नचिन्ह, त्यानंतर कुठेतरी 'टॅग' हा शब्द, बरोबरचं चिन्ह, मग तुम्ही निवडलेलं नाव आणि शेवटी आडवी रेघ मारून २० किंवा २१. अमेरिकेच्या टॅगला २०, ब्रिटन आणि भारताच्या टॅगला २१. लिंक छोटी करताना किंवा घाईत कॉपी करताना ही शेपटी कापली गेली, तर गिऱ्हाईक बिनबोभाट दुकानात पोचतं, खरेदीही करतं, आणि तुमच्या खात्यात शून्य. एका देशाची शेपटी दुसऱ्या देशाच्या दुकानात चालत नाही, हेही लक्षात ठेवा. दुकानाच्या पहिल्या पानावर न नेता थेट त्या वस्तूच्या पानावर नेणारी लिंक ती डीप लिंक. आणि शेपटीला आणखी एक तुकडा जोडता येतो, सब-आयडी. हा निव्वळ तुमच्या सोयीचा: कुठल्या लेखातल्या, कुठल्या बटणावरून विक्री झाली ते नंतर कळावं म्हणून. निम्मे लोक सब-आयडी लावत नाहीत आणि मग वर्षभर अंधारात चाचपडतात.

क्लिक झाला की ब्राउझर थेट दुकानात जात नाही. आधी क्षणभर नेटवर्कच्या पत्त्यावर जातो, तिथे त्या क्लिकला एक लांबलचक क्रमांक मिळतो, तो क्लिक आयडी, आणि मग त्याला पुढे धाडलं जातं. हे रीडायरेक्ट. याच वेळी कुकी बसते. कुकी म्हणजे ब्राउझरच्या खिशात ठेवलेली चिठ्ठी: याला अमक्याने, अमक्या वेळी पाठवलं. ही चिठ्ठी किती काळ ग्राह्य धरायची ती मुदत म्हणजे कुकी विंडो किंवा कुकी ड्युरेशन. '३० दिवसांची कुकी' याचा अर्थ एवढाच, की आज क्लिक करून गेलेल्या माणसाने ३० दिवसांच्या आत खरेदी केली तर ती तुमच्या नावावर पडू शकते. पडेलच असं नाही. त्यावर पुढे येतो.

ॲमेझॉनची विंडो फक्त २४ तासांची. मात्र त्या २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकलेली असेल तर ऑर्डर नंतर आली तरी चालते. कार्टची मुदत साधारण ९० दिवस असते. उलट बाजूने, त्या २४ तासांत गिऱ्हाइकाने तुम्ही सुचवलेली वस्तू सोडून भलतंच काही घेतलं, तरी त्याचंही कमिशन मिळतं. म्हणून सायकलीवर लिहिणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये उशा आणि गाद्या दिसतात. घाबरून जाऊ नका.

'पडेलच असं नाही' का, तर ॲट्रिब्युशन. विक्रीचं श्रेय कुणाला, हा तो प्रश्न. बहुतेक प्रोग्रॅम लास्ट क्लिक मानतात: खरेदीच्या आधी शेवटचा ज्याचा क्लिक, त्याचं सगळं कमिशन. तुम्ही दोन हजार शब्दांचा तुलनात्मक लेख लिहून माणसाचं मन वळवलंत. तो पैसे भरायच्या पानापर्यंत पोचला, तिथे 'कूपन कोड टाका' असा रिकामा चौकोन दिसला, म्हणून कूपन शोधायला दुसऱ्या साइटवर गेला, तिथे क्लिक केलं आणि परत आला. श्रेय कूपन साइटचं. मागून आली आणि तिखट झाली, तसं. काही प्रोग्रॅम पहिल्या क्लिकला मान देतात, काही वाटून देतात, काही कूपनवाल्यांना कमी टक्के देतात. हे अटींमध्ये लिहिलेलं असतं आणि ते पान कुणी उघडत नाही.

पैसे कशाबद्दल मिळतात त्यावरून प्रकार पडतात. विक्री झाली तर सीपीएस, कुणी नुसता फॉर्म भरला किंवा नोंदणी केली तर सीपीएल, ॲप उतरवून घेतलं तर सीपीआय. सीपीए हे या सगळ्यांचं छत्र: ठरलेली कुठलीही कृती झाली की पैसे. क्लिकवर पैसे देणारं सीपीसी ॲफिलिएटमध्ये क्वचित, ते जाहिरातींच्या जगातलं. महिन्याच्या महिन्याला वर्गणी असलेल्या सेवांमध्ये रिकरिंग कमिशन असतं, गिऱ्हाईक टिकेल तोवर तुम्हालाही मिळत राहतं. इथे 'आजन्म' की 'पहिले बारा महिने' एवढं तेवढं वाचून घ्या.

आता गायब होणारं कमिशन. ऑर्डर झाली की नोंद 'पेंडिंग' दिसते. हे पैसे तुमचे नाहीत, अजून. माल परत करायची मुदत संपेपर्यंत मर्चंट थांबतो. हा लॉकिंग किंवा व्हॅलिडेशनचा काळ. या काळात माल परत आला, ऑर्डर रद्द झाली, पैसे भरताना दगाफटका निघाला, तर मी ती नोंद नामंजूर करतो. कुठे याला रिव्हर्सल म्हणतात, अविनवर 'डिक्लाइन्ड' दिसतं. टिकलेली नोंद 'अप्रूव्ह्ड' होते, मग पेमेंट थ्रेशोल्ड, म्हणजे किमान रक्कम, गाठली गेली की पैसे सुटतात. 'नेट-३०', 'नेट-६०' म्हणजे महिना संपल्यानंतर तितक्या दिवसांनी. सगळं जोडलं तर आजच्या विक्रीचे पैसे हातात यायला तीन-चार महिने लागणं अजिबात विचित्र नाही. पेंडिंगच्या भरवशावर कुणी खर्च मांडू नये.

शेवटी आकडे, आणि माझ्या मते धाग्यातला सगळ्यात कामाचा भाग. नवखा माणूस पहिल्यांदा कमिशनचा टक्का बघतो. टक्का हा त्या पानावरचा सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा. समजा दोन प्रोग्रॅम आहेत. पहिला ३० टक्के देतो, दुसरा ६ टक्के. दोन्हीकडे तुम्ही १,००० क्लिक पाठवले. पहिल्याकडे ४ ऑर्डर आल्या, सरासरी ५०० च्या. एका ऑर्डरचे १५०, एकूण ६००. पण त्यातल्या २ परत गेल्या, उरले ३००. दुसऱ्याकडे ३५ ऑर्डर, सरासरी ४०० च्या. एकीचे २४, एकूण ८४०. ५ रद्द झाल्या, उरले ७२०. १,००० क्लिकांतून ४ ऑर्डर म्हणजे ०.४ टक्के कन्व्हर्जन रेट, ३५ म्हणजे ३.५ टक्के. ४०० आणि ५०० ही ॲव्हरेज ऑर्डर व्हॅल्यू, एओव्ही. आणि मिळालेले पैसे भागिले क्लिक म्हणजे ईपीसी: पहिल्याचा ०.३०, दुसऱ्याचा ०.७२. टक्का पाचपट असूनही पहिला प्रोग्रॅम निम्म्याहून कमी देतो.

विचारा.

खारूताई

वाचनखूण साठवली. मी बागकामावर लिहिते आणि नुकतीच एका नेटवर्कवर नोंदणी केली आहे. तिथे एका मर्चंटसमोर ईपीसी ३८ दाखवतंय. तुमचं उदाहरण वाचून डोळे विस्फारले. एका क्लिकचे ३८?

हिशेबनीस

नाही हो ताई, इतकं सुख कुठलं. बहुतेक तुम्ही सीजेवर आहात. तिथे ईपीसी दर १०० क्लिकमागे दाखवतात. म्हणजे एका क्लिकमागे ०.३८. शेजारी दोन आकडे असतील, एक ७ दिवसांचा आणि एक ३ महिन्यांचा. ३ महिन्यांचा धरा. ७ दिवसांचा एखाद्या सेलमध्येही फुगतो.

आणखी एक. तो आकडा त्या मर्चंटच्या सगळ्या ॲफिलिएटांची सरासरी असतो. त्यात कूपनवाले आणि कॅशबॅकवाले आले, ज्यांच्याकडे माणूस पाकीट उघडूनच येतो. तुमच्या लेखावरून जाणारा अजून 'कुठली कात्री घेऊ' या विचारात असतो. तेव्हा तुमचा ईपीसी त्याहून कमी निघाला तर तुमच्या लेखनात खोट आहे असं समजू नका. पहिले काही शे क्लिक पाठवून स्वतःचा आकडा काढा, तोच खरा.

आडवळण

माहिती उत्तम, पण मर्चंटवाल्यांचं नेहमीचं गोड बोलणंही आहे यात. नामंजूर कमिशन म्हणजे गिऱ्हाइकानेच माल परत केला, असं तुम्ही गृहीत धरलंय. मुद्दाम विक्री दाबणारे मर्चंट नसतात का? त्याला शेव्हिंग म्हणतात, तो शब्द बरोबर गाळलात.

हिशेबनीस

असतात. गाळला नव्हता, पण आणलात ते बरं झालं. शेव्हिंग किंवा स्क्रबिंग म्हणजे झालेल्या विक्रीतल्या काही नोंदी मोजल्याच न जाणं किंवा कारण न देता काढून टाकणं. बाहेरून ओळखणं अवघड, कारण ऑर्डरी तुम्हाला दिसत नाहीत. दोन गोष्टी करता येतात. एक, रिव्हर्सलचं प्रमाण महिनावार लिहून ठेवायचं. कपड्यांच्या दुकानात परत येणारा माल भरपूर असतो, तिथे जास्त प्रमाण साहजिक आहे. पण डिजिटल वर्गणीत एकाएकी तिप्पट झालं तर प्रोग्रॅम मॅनेजरला लिहून कारण विचारायचं. दोन, नामंजुरीच्या कारणाचा रकाना बघायचा. प्रत्येक ओळीत निव्वळ 'इतर' लिहिणाऱ्या मर्चंटकडे मी स्वतः लिंक लावणार नाही.

नेटकेच

तांत्रिक बाजूची थोडी भर घालतो.

कुकी हा प्रकार १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुलीने काढला, आणि ॲफिलिएटचा सगळा डोलारा बरीच वर्षं त्यावरच उभा होता. आता तो पाया ठिसूळ झालाय. नेटवर्कने दुसऱ्याच्या दुकानाच्या पानावर ठेवलेली ती थर्ड-पार्टी कुकी. सफारीने मार्च २०२० पासून त्या सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने त्या वेगळ्या डब्यात कोंडल्या. क्रोमने काढू-काढू म्हणत जुलै २०२४ मध्ये बेत बदलला. म्हणून आता दोन शब्द कानावर पडतात.

पहिला फर्स्ट-पार्टी ट्रॅकिंग: चिठ्ठी नेटवर्कच्या नावाने नाही, दुकानाच्या स्वतःच्या नावाने बसते. दुसरा पोस्टबॅक, किंवा सर्व्हर-टू-सर्व्हर. हिशेबनीसांनी क्लिक आयडी म्हटला ना, तो दुकान आपल्या डेटाबेसमध्ये ऑर्डरसोबत जपून ठेवतं. ऑर्डर झाली की दुकानाचा सर्व्हर नेटवर्कच्या सर्व्हरला थेट कळवतो, 'अमक्या क्लिक आयडीवर एवढ्याची विक्री'. ब्राउझर मध्ये येतच नाही. जुनी पद्धत पिक्सेलची: 'धन्यवाद' पानावर एक अदृश्य चित्र, ते उघडलं की विक्रीची नोंद. ॲड-ब्लॉकरने ते चित्र अडवलं की विक्री झाली पण नोंद नाही.

व्यवहारात याचा अर्थ: विंडो ९० दिवसांची लिहिलेली असली तरी ट्रॅकिंग कुठल्या पद्धतीचं आहे हे विचारल्याशिवाय त्या ९० ला अर्थ नाही. सफारी स्क्रिप्टने ठेवलेल्या फर्स्ट-पार्टी कुकीसुद्धा ७ दिवसांत पुसते.

सावरी

माझा भाबडा प्रश्न. माझ्याच लिंकवरून मीच खरेदी केली तर? कमिशन म्हणजे सवलतच झाली की.

हिशेबनीस

ॲमेझॉनवर सरळसरळ मनाई आहे, आणि स्वतःबरोबर घरच्यांच्या नावाने केलेली खरेदीही त्यांच्या नजरेत येते. खातं बंद झालं की साठलेलं कमिशनही अडकतं. काही नेटवर्कांवर काही मर्चंट परवानगी देतात, पण ते लिहिलेलं असेल तरच. लिहिलेलं नसेल तर 'नाही' समजा.

त्याच अटींत आणखी एक बारीक गोष्ट: ॲमेझॉनच्या वस्तूची किंमत आपल्या लेखात हाताने लिहून ठेवायची नाही. किंमत बदलत राहते, तुमचा लेख बदलत नाही. आणि नव्या खात्याला १८० दिवसांत ३ ग्राह्य विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर खातं बंद करतात. पुन्हा अर्ज करता येतो, पण जुन्या लिंका मेलेल्या असतात. म्हणून लेख दोन असताना नोंदणीची घाई नको.

तिरकस

धाग्यात खलनायक नाहीत म्हणून जरा आळणी वाटतंय. कुकी स्टफिंगबद्दल कुणी बोलणार की नाही?

नेटकेच

घ्या. गिऱ्हाइकाने क्लिक केलेलंच नाही, पान नुसतं उघडलं, आणि मागच्या मागे त्याच्या ब्राउझरमध्ये ॲफिलिएटची कुकी कोंबली, हे कुकी स्टफिंग. पुढे तो माणूस आपणहून दुकानात गेला की कमिशन या बहाद्दराला. आयत्या बिळावर नागोबा. हे अटी मोडण्यावर थांबत नाही; ईबेच्या प्रोग्रॅममध्ये ज्यांनी हे मोठ्या प्रमाणावर केलं, त्यांच्यावर अमेरिकेत फौजदारी खटले झाले आणि २०१४ मध्ये ईबेच्या दोन बड्या ॲफिलिएटांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या.

नवा अवतार ब्राउझर एक्स्टेन्शनांचा. डिसेंबर २०२४ मध्ये हनी या कूपन शोधणाऱ्या एक्स्टेन्शनवर गाजावाजा करत आरोप झाले, की पैसे भरायच्या पानावर ते आधीच्या ॲफिलिएटची कुकी पुसून स्वतःची बसवतं, कूपन सापडो वा न सापडो. लास्ट क्लिक पद्धतीत हे करणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, हीच खरी मेख. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोम एक्स्टेन्शनांसाठी नियम कडक केला: वापरणाऱ्याला उघड फायदा होत नसेल तर ॲफिलिएट लिंक घुसवायची नाही.

तिरकस

म्हणजे खारूताईंनी लेख लिहायचा, फोटो काढायचे, आणि शेवटच्या पानावर दुसराच कुणीतरी टाळी वाजवणार. छान धंदा आहे.

हिशेबनीस

धंदा असाच आहे, म्हणून तर अटी वाचा म्हणतो. माझ्या बाजूने एक चोरवाट सांगतो जी नवख्यांना माहितीच नसते: ब्रँड बिडिंग. ॲफिलिएट गूगलवर मर्चंटच्याच नावावर जाहिरात लावतो. माणूस दुकानाचं नाव टाइप करून दुकानातच निघालेला असतो, मध्ये या जाहिरातीवर क्लिक होतो आणि मर्चंट स्वतःच्याच गिऱ्हाइकाबद्दल कमिशन भरतो. बहुतेक प्रोग्रॅममध्ये मनाई आहे. यावरूनच आमच्याकडे इन्क्रिमेंटॅलिटी हा शब्द आला: हा ॲफिलिएट नसता तरी ही विक्री झाली असती का? ज्यांच्याबाबत उत्तर 'हो' येतं त्यांचे टक्के आम्ही कापतो. ज्यांच्याबाबत 'नाही' येतं, म्हणजे खारूताईंसारखे लिहिणारे, त्यांनी पत्र लिहून जादा टक्के मागितले तर मिळण्याची शक्यता चांगली असते. मागत कुणीच नाही.

मितभाषी

क्लिकबँक या नेटवर्कवर वस्तूसमोर 'ग्रॅव्हिटी' असा आकडा दिसतो, तो काय असतो? जास्त असेल तर माल चांगला का?

हिशेबनीस

नाही. गेल्या १२ आठवड्यांत किती वेगवेगळ्या ॲफिलिएटांना त्या वस्तूवर कमिशन मिळालं त्यावर तो आकडा निघतो, अलीकडच्या विक्रीला जास्त वजन असतं. माल किती खपला हे त्यातून कळत नाही, माल कसा आहे हे तर नाहीच. फार मोठी ग्रॅव्हिटी म्हणजे तिथे गर्दी आहे एवढं नक्की.

सावरी

ओळखीतल्या एकाने गळ घातली आहे. 'ॲफिलिएट मार्केटिंगचा कोर्स' घ्यायचा, फी भरायची, मग तोच कोर्स आपण दुसऱ्यांना विकायचा, प्रत्येकामागे कमिशन. त्यांनी आणलेल्यांचंही थोडं आपल्याला. हे याच धाग्यात बसतं का?

आडवळण

हिशेबनीसांआधी मीच बोलतो. एकच प्रश्न विचारा: पैसा शेवटी कुठून येतो? बाहेरच्या माणसाने वापरण्यासाठी काही विकत घेतलं आणि त्यातला हिस्सा मिळाला, तर ॲफिलिएट. पैसा नव्याने सामील होणाऱ्याच्या फीमधून येत असेल, आणि घेतलेल्या वस्तूचा उपयोग फक्त ती पुढे विकणं हाच असेल, तर नाव काहीही ठेवा, ती साखळी आहे. खऱ्या प्रोग्रॅममध्ये ॲफिलिएट व्हायला फी लागत नाही.

हिशेबनीस

आडवळण यांच्याशी पूर्ण सहमत (नोंद करून ठेवा, वारंवार होत नाही). फक्त एक फरक: टू-टियर नावाचा प्रकार रीतसर प्रोग्रॅममध्येही असतो. तुम्ही एखाद्या ॲफिलिएटला आणलंत तर त्याने केलेल्या विक्रीवर तुम्हाला छोटा हिस्सा. तो एका पायरीवर थांबतो, आणि मुळाशी खरी विक्री असते. सावरी, त्या कोर्सच्या पानावर परताव्याची अट शोधा. ती सापडली नाही तर पुढचं वाचायची गरज नाही.

खारूताई

लेखात लिंक ॲफिलिएट आहे हे सांगावंच लागतं का? सांगितलं की लोक क्लिक करत नाहीत असं ऐकलं.

नेटकेच

सांगावं लागतं. याला डिस्क्लोजर म्हणतात. अमेरिकेच्या एफटीसीचं (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) मार्गदर्शन स्पष्ट आहे: खुलासा ठळक हवा आणि शिफारशीच्या जवळ हवा, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत किंवा वेगळ्या पानावर नको. नुसतं 'ॲफिलिएट लिंक' एवढं लिहिणंही ते पुरेसं धरत नाहीत, कारण सामान्य वाचकाला त्याचा अर्थ कळेलच असं नाही. साध्या भाषेत लिहा: 'या लिंकवरून तुम्ही खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं.' संपलं.

हे वाचकासाठी. गूगलसाठी वेगळी खूण आहे: लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' हे मूल्य घालायचं, सप्टेंबर २०१९ पासून ते उपलब्ध आहे. आधी 'नोफॉलो' वापरत, तेही चालतं.

खारूताई

धन्यवाद. तुमच्या सांगण्यावरून आज एका मर्चंटच्या अटी खरोखर उघडल्या. कमिशन 'निव्वळ विक्रीमूल्यावर' असं आहे. म्हणजे कर आणि पोचवण्याचा खर्च वगळून?

हिशेबनीस

हो, आणि कूपनची सवलत वजा करूनसुद्धा. १००० ची वस्तू, २०० चं कूपन, तर टक्का ८०० वर. आणि त्या किमतीत कर धरलेला असेल तर तो काढून त्याहून कमी रकमेवर. भेटकार्डं बऱ्याच ठिकाणी पूर्ण वगळतात. विभागवार टक्के वेगळे असतात, ते कोष्टक वेगळ्या पानावर लपलेलं असतं.

खारूताई

कोष्टक सापडलं. त्याच्याखाली एक ओळ आहे: 'दर कधीही बदलण्याचा हक्क राखून'. ही नेहमीची छापील ओळ समजून सोडून देऊ का?

हिशेबनीस

सोडू नका. ॲमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत दर बदलले तेव्हा फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या विभागाचा टक्का ८ वरून ३ वर आला. ज्यांची सगळी साइट त्या एका विभागावर होती त्यांचं उत्पन्न निम्म्याहून खाली गेलं, एकही वाचक कमी न होता. तुमच्या मर्चंटच्या त्या ओळीपुढे 'इतक्या दिवसांची पूर्वसूचना देऊन' असं काही आहे का ते बघा. नसेल तर त्याच अवजारांचा दुसरा एखादा मर्चंट आत्ताच शोधून ठेवा आणि लेखातल्या लिंका एका ठिकाणाहून बदलता येतील अशा लावा. वर्डप्रेस वापरत असाल तर त्यासाठी तयार प्लगइन मिळतात. मात्र ॲमेझॉनच्या लिंका त्यातून झाकू नका. गिऱ्हाईक कुठे चाललंय हे लपवणं त्यांच्या अटींत बसत नाही.